स्कूटरींचा मुराळी

गेल्या महिन्यात आमच्या पेठेतल्या चौकाला रेवणअण्णांचे नाव देण्यात आले. पाटी संगमरवरी आहे, अक्षरे सोनेरी आहेत आणि त्या समारंभात झालेली भाषणे पहिल्यापासून शेवटपर्यंत चुकीची आहेत. एका वक्त्याने सांगितले, की अण्णांनी आणीबाणीत बंदी झुगारून स्कूटर कंपनीच्या एजंटावर मोर्चा नेला. दुसऱ्याने सांगितले, की त्यांनी आपल्या स्कूटरची नवी पेट्रोलची टाकी एका गरीब विणकराला देऊन टाकली. तिसऱ्याने तर अण्णांना त्या स्कूटरवर बसवून भर उन्हात गरजूंच्या दारोदार पिटाळले. लोक टाळ्या वाजवीत होते. मी पहिल्या रांगेत बसलो होतो. त्या मांडवात तो काळ उघड्या डोळ्यांनी पाहिलेला मी एकटाच उरलो होतो आणि मला कोणी दोन शब्द बोलायला सांगितले नाही. म्हणून हे लिहितो आहे.

मोर्चा निघालाच नव्हता. टाकी विणकराला मिळाली नव्हती. आणि अण्णांना स्कूटर चालवताच येत नव्हती.

हे वाचून कोणी म्हणेल, वकीलसाहेबांचे अण्णांशी पहिल्यापासूनच वाकडे. वाकडे नव्हते, मला त्यांचा हेवा वाटे. आजही वाटतो. हेवा ही लपवून ठेवण्याची वस्तू आहे असे मी मानत नाही. प्रेम करणारा अर्धे पाहतो, भक्त तर पाहतच नाही. हेवा करणारा मात्र समोरच्याच्या धोतराची निरी कोणत्या बाजूला ढळली आहे तेही टिपून ठेवतो. अण्णांना मी जितके पाहिले तितके त्यांच्या घरच्यांनीही पाहिले नसेल. साक्षीदार म्हणून माझी उलटतपासणी घ्यायला कोणीही खुशाल यावे.

अण्णांचे खण-लुगड्यांचे दुकान माझ्या कचेरीच्या बरोबर समोर होते. मधे फक्त रस्ता. गोरा, गोल चेहरा, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, आणि गादीवर बसण्याची अशी पद्धत की दुकान आपले नसून आपण दुकानाकडे पाहुणे आलो आहोत. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक पुरुषाला ते ‘पावणं’ म्हणत, कारण त्यांना कोणाचेच नाव लक्षात राहत नसे. लोक मात्र याला आपुलकी समजत. मला पेठेतल्या प्रत्येकाचे नाव, वडिलांचे नाव आणि मालमत्तेचा वादही ठाऊक होता. त्याला कोणी आपुलकी म्हटले नाही.

कापड फाडताना ते मापाच्या पुढे बोटभर सरकत आणि मगच टर्रकन फाडीत. बाई म्हणे, “अण्णा, जास्त आलं की.” त्यावर ठरलेले उत्तर : “मापाचं ते सासरचं, वरचं ते माहेरचं. न्या.” पेठेतल्या प्रत्येक बाईला आपल्यालाच बोटभर अधिक मिळाले असे वाटे. माझी पत्नी कुसुमही त्याला अपवाद नव्हती. अण्णा ते बोटभर कापड सगळ्यांनाच देतात, हे मी तिला पुराव्यानिशी दाखवून दिले होते. ती म्हणाली, “मग काय झालं? तुम्ही कुणालाच देत नाही.”

दुपारी जेवून आले की ते गादीवरच आडवे होत. ही झोप म्हणजे पेठेतले एक संस्थानच होते. या वेळेत गिऱ्हाईक आले तर पायरीवर बसे, आपापसांत हळू आवाजात बोले, कोणाचे मूल रडू लागले तर त्याला बाजूला नेई. मी समोरून पाहत असे. माझ्या कचेरीत मी जागा असताना अशील थांबत नसे. त्यांच्या दुकानात ते घोरत असताना गिऱ्हाईक थांबत असे. हेवा वाटायला आणखी काय लागते?

आता स्कूटर. त्या दिवसांत स्कूटरसाठी नाव नोंदवायचे आणि मग विसरून जायचे, अशी पद्धत होती. नोंदणीच्या वेळी पाळण्यात असलेले पोर शाळेत जाऊ लागले, म्हणजे गाडी येई. माझी आणि अण्णांची गाडी एकाच आठवड्यात आली. माझी आली तेव्हा पोस्टमन तेवढा थांबला आणि त्यानेही विचारले, “सरकारी आहे का?” अण्णांची आली तेव्हा रस्ता बंद झाला. गौराक्कांनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, गाडीला ओवाळले, हँडलला हिरव्या बांगड्या अडकवल्या आणि पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवले. “सून आली घरात,” अण्णा म्हणाले. तेव्हापासून ती गाडी सून झाली.

त्यांना गाडी शिकवण्याचे काम माझ्याकडे आले, कारण मला येत होती. होम मैदानावर मी त्यांना सकाळी घेऊन गेलो. क्लच म्हणजे काय, गिअर कधी बदलावा, हे मी क्रमाने समजावून दिले. अण्णांनी सगळे ऐकून घेतले, “व्हय व्हय” म्हणाले, गाडी सुरू केली आणि सरळ एका बैलगाडीतल्या कडब्याच्या पेंढ्यांत शिरले. बाहेर आले ते बैलाला म्हणाले, “चुकलं, पावणं.” मग मागच्या सीटवर जाऊन बसले. “वकीलसाहेब, हे पुढचं काम तुमच्यासारख्या शिकलेल्या माणसाचं. मी मागं बरा.”

पुन्हा त्यांनी हँडलला हात लावला नाही. गाडी मग ज्याला हवी त्याची झाली. कोणी दवाखान्यात जायला नेई, कोणी करकंबला मुलगी बघायला. अट एवढीच, की परत आल्यावर अण्णांना मागे बसवून पेठेतून एक फेरी मारायची. उदारपणाच्या ज्या गोष्टी सांगितल्या जातात त्यांचे मूळ हे आहे. ते मागे बसत ते मात्र बघण्यासारखे असे. एक हात गाडीला धरलेला, दुसरा कायम वर, नंदीध्वजाच्या मिरवणुकीत मानकऱ्याने चालावे तसा. लोक नमस्कार करीत. गाडी चालवणाऱ्याकडे कोणी ढुंकून पाहत नसे. मी दोन-तीनदा चालवली आहे, म्हणून सांगतो.

पहिला उन्हाळा लागला आणि गाड्या गळू लागल्या.

त्या गाडीची टाकी सीटखाली होती. तिच्या बुडाशी जो सांधा होता त्याची झाळ, म्हणजे धातूचे जोडकाम, कच्ची राहिली होती. सोलापूरच्या उन्हात टाकी तापली की त्या झाळीतून पेट्रोल पाझरे आणि थेंबाथेंबाने खाली इंजिनावर पडे. सुरुवातीला सगळ्यांना वाटले, आपलीच गाडी वाईट. मग लक्षात आले, की त्या खेपेला आलेल्या सगळ्याच गाड्या तशा आहेत. आमच्या इब्राहीम मिस्त्रीने इलाज सांगितला : “कपडे धोने का साबण घिसो साब, पेट्रोल उसकू काटता नै.” साबणाची वडी गळक्या जागी घासली की पाझर थांबे; चार-सहा दिवसांनी पुन्हा घासायची. पेठेत प्रत्येक स्कूटरवाल्याच्या खिशात साबणाचा तुकडा असे. इतकी वर्षे वाट पाहून मिळालेली वस्तू सदोष आहे, हे कबूल करण्यापेक्षा साबण बाळगणे माणसाला सोपे जाते.

मग मंद्रूपच्या बाजारात एक गाडी पेटली. गाडीवाला भुसार मालाचा व्यापारी होता. जिवानिशी वाचला, पण दोन्ही पाय भाजले. त्यानंतर कंपनीची जाहीर सूचना वर्तमानपत्रात आली : अमुक क्रमांकाच्या गाड्या चालवू नयेत, टाकी बदलून देण्यासाठी एजंटाकडे जमा कराव्यात.

तुम्हाला आज वाटेल, लोक धावत गेले असतील. एकही गेला नाही. एकदा दिलेली गाडी परत मिळेल याची खात्री कोणाला? अण्णांच्या दुकानात बैठक भरली. नरसय्या, ज्याचे चार यंत्रमाग होते, तो हट्टाला पेटला होता. “अण्णा, मी ती गाडी दुसऱ्याकडून घेतली. कागदावर माझं नाव न्हाय. एकदा आत गेली का गेली. मी साबण घासतो, मरत न्हाय.”

मी म्हणालो, आधी कंपनीकडून लेखी हमी घ्यावी : किती मुदतीत टाकी मिळेल, तोवर गाडीची जबाबदारी कोणाची. हमी नसेल तर गाडी देऊ नये. हे मत कायद्याने शंभर टक्के बरोबर होते आणि आजही आहे.

अण्णा गादीवरून उठले. असे ते क्वचितच उठत. “मंद्रूपचं पावणं आपल्याच दुकानातनं लुगडी नेत होतं,” ते म्हणाले. “परवा बघून आलो. पायावर पांघरूण टाकता येत न्हाय त्याला. नरसय्या, तू गाडीवर पोरीला पुढं उभी करतोस. साबणाच्या भरवशावर?”

नरसय्याचा हात खिशातल्या साबणाच्या तुकड्यावर गेला.

“माझी सून उद्या पयली जाईल. तुमच्या समद्यांच्या मी परत आणीन.”

“लेखी?” मी विचारले.

“लिहून कशाला, वकीलसाहेब? मी हाय की.”

दुसऱ्या दिवशी गाड्यांची रांग लागली. ज्यांनी माझा युक्तिवाद ऐकून माना डोलावल्या होत्या, तेही रांगेत होते. माझी गाडी मी दिली नाही. तत्त्वाचा प्रश्न होता.

टाक्या आल्या नाहीत. महिना गेला, पावसाळा गेला. जयवंतशेठ नावाचे जे एजंट होते, ते भेटले की म्हणत, “कंपनी पाठवते म्हणते, मी तरी काय करू?” त्यांच्या शोरूमच्या मागच्या अंगणात गाड्या ताडपत्रीखाली उभ्या होत्या. काहींच्या टायरांतली हवा गेली, काहींच्या सीटवर कोंबड्या बसू लागल्या. जी माणसे अण्णांच्या शब्दावर गेली होती, ती आता पायी जाताना दुकानासमोर मुद्दाम पाय घासून चालत. “अण्णा, आमची सून बाळंतीण झाली का हो माहेरी?” असे कोणी ओरडे. कोणी म्हणे, “कापडाचं मापसुद्धा असंच देता काय?” अण्णा हसत, हात वर करीत.

लोक सांगतात, या दिवसांत अण्णा खंबीर होते. साफ खोटे. अण्णा खचले होते, आणि ते फक्त मला कळले. कारण त्यांची दुपारची झोप गेली होती. गादीवर आडवे होत, पण घोरणे ऐकू येत नसे. मी समोरून पाही. डोळे छताला. एकदा एका बाईचे कापड त्यांनी बरोबर मापाला फाडले. वरचे बोट सुटले. पायरी उतरताना बाईने कापड पुन्हा उलगडून पाहिले.

पेठेत तेव्हा गाडी फक्त माझ्याकडे होती. मला वाटले होते, आता लोक म्हणतील, वकीलसाहेब सांगत होते तेच खरे. कोणी म्हटले नाही. मी स्कूटरवरून जाई, अण्णा पायी जात, आणि नमस्कार पायी चालणाऱ्यालाच होत. शिव्या देणारेसुद्धा आधी नमस्कार करीत आणि मग शिव्या देत. माझ्या घरी कुसुमने गाडीवर मागे बसणे बंद केले होते. “वास येतो,” एवढेच म्हणे, आणि टांगा बोलावी.

मी हातावर हात धरून बसलो नव्हतो. कंपनीला मी उत्तम इंग्रजीत नोटिसा पाठवल्या. तरुण मंडळींना मोर्चा हवा होता, पण आणीबाणी होती. चौघे जमून घोषणा दिल्या तरी पोलीस गाडीत घालून नेत. अशा वेळी एक दिवस अण्णा रस्ता ओलांडून माझ्या कचेरीत आले. ते कधी येत नसत.

“येन्री वकीलसाहेब, ऊट झालं?” त्यांना कोणालाही भेटले की आधी जेवणाचे विचारायची सवय होती, आणि जेवणाला ते कानडी शब्दच वापरीत.

“झालं. बसा.”

“एक कायद्याचं सांगा. बायका ओटी घेऊन निघाल्या, सून आणायला म्हणून, तर त्याला जमावबंदी लागती का?”

मी समजलो नाही. त्यांनी समजावले ते असे. सून माहेरी गेली आणि माहेरची माणसे परत पाठवीनात, तर आपण काय करतो? भांडत नाही. सासरच्या बायका खण-नारळ घेऊन न्यायला जातात. दारात न्यायला आलेल्यांना माहेरच्यांनी जेवू घालायचे, लेकीची ओटी भरायची आणि पाठवणी करायची. रिकाम्या हाताने परतवले तर सात पिढ्यांचा कमीपणा. कंपनी आपल्याला ठाऊक नाही, पण जयवंतशेठचे घर शोरूमच्या मागेच आहे आणि त्यांची आई तिथेच राहते.

“तुम्ही मोर्चाचं नेतृत्व करणार म्हणा की,” मी म्हणालो.

“नेतृत्व? मला जेलची लई भीती वाटती, वकीलसाहेब. तितं दुपारी झोपू देतात का न्हाय, काय ठावं.”

हे त्यांचे शब्द आहेत. चौकाच्या पाटीवर कोरायचे असतील तर हे कोरा.

मी विचार करून सांगितले, की ओटी भरणे कोणत्याही कलमात बसत नाही.

पुढच्या शुक्रवारी पेठेतल्या बायका निघाल्या. घोषणा नाही, फलक नाही. प्रत्येकीच्या हातात ताट, ताटात खण, नारळ, हळदकुंकू. खण अर्थातच अण्णांच्या दुकानातले. पुढे गौराक्का, शेजारी नरसय्याची बायको पद्मा, आणि तिसरी माझी कुसुम. आमची गाडी माहेरी गेलेली नव्हती. कुसुमला तिथे जाण्याचे काही कारण नव्हते. माझ्या एवढ्या नोटिसा गेल्या, त्यातली एकही तिने टपालात टाकून दिली नव्हती. अण्णांचे ताट मात्र तिने दोन्ही हातांनी धरले होते.

पुरुष मागे, अंतर राखून. अण्णा सगळ्यांत मागे. वाटेत हवालदार आडवा आला. “काय चाललंय? परवानगी हाय का?”

बायका थांबल्या. मी पुढे गेलो. “ओटी भरायला चालल्यात. ओटी भरणं कोणत्याही कलमात बसत नाही. बसत असेल तर कलम सांगा.”

हवालदाराने ताटांकडे पाहिले, गौराक्कांकडे पाहिले. “कुणाची ओटी?”

“सुनांची,” गौराक्का म्हणाल्या. “तुमची आई कदी गेली न्हाय का सून आणायला?”

तो बाजूला झाला. आता हे वाक्य, ‘ओटी भरणं कलमात बसत नाही’, पेठेत म्हणीसारखे झाले आहे आणि ते अण्णांचे म्हणून सांगतात. समारंभातही तसेच सांगितले. ते वाक्य माझे आहे. इथे नोंदवून ठेवतो.

जयवंतशेठची आई, सगळे त्यांना मोठ्या आक्का म्हणत, अंगणात धान्य निवडायला बसल्या होत्या. दारात बायका पाहून सूप बाजूला ठेवले. गौराक्का म्हणाल्या, “आक्का, आमच्या सुना तुमच्याकडं हायत. न्यायला आलोय.” आणि ताडपत्री वर करून एकेक बाई आपापल्या गाडीला हळदकुंकू लावू लागली. कोंबड्या उडाल्या. कुसुमने अण्णांच्या गाडीला कुंकू लावले.

आक्कांना आधी हसू आले. मग त्यांनी त्या धुळीने भरलेल्या गाड्या पाहिल्या, पद्मा आपल्या गाडीची सीट पदराने पुसत होती ते पाहिले, आणि त्यांचे हसू थांबले.

“जयवंता,” त्यांनी हाक मारली. “बाहेर ये.”

जयवंतशेठ आले. मागे पुरुष पाहून घाबरले. “आई, ह्यांना सांग, कंपनीचं काम आहे, माझ्या हातात...”

“कंपनी हितं राहती का? दार कुणाचं हाय हे? बायका ओटी घेऊन दारात आल्या, आणि मी म्हणू, जावा, उद्या या?”

“पण आई, टाक्याच...”

“मग तू जा. घेऊन ये. तवर हितं चूल पेटणार न्हाय.” आणि बायकांकडे वळून म्हणाल्या, “आज जेवून जावा गं. आज शेवटची पेटवते.”

सगळ्या जेवल्या. पुरुषांना रस्त्यावर उभे राहून शेंगांची चटणी आणि भाकरी मिळाली. अण्णांनी तिथेच, एका वळचणीला, भिंतीला टेकून डोळे मिटले. किती दिवसांनी त्यांचे घोरणे मी ऐकले.

जयवंतशेठ त्याच दिवशी आगगाडीत बसून कारखान्याला गेले आणि टाक्या घेऊनच परत आले. पेठेचा निकाल असा, की आक्कांच्या चुलीने हे घडवले. माझी तिसरी नोटीस त्याच आठवड्यात कंपनीला पोचली होती, याचा विचार कोणी केला नाही. दोन्ही कारणे एकाच वेळी हजर असताना एकालाच श्रेय देणे न्यायाला धरून नाही, एवढेच म्हणतो.

नरसय्याचा प्रश्न निघाला तो तेव्हा. त्याचे नाव कंपनीच्या यादीत नव्हते, म्हणून त्याला टाकी नाकारली. मी जयवंतशेठना ठणकावून सांगितले, की दोष टाकीत आहे, मालकात नाही. सूचना गाडीच्या क्रमांकाला आहे, माणसाच्या नावाला नाही. त्यांना ते पटले आणि नरसय्याला त्याच्या हक्काची टाकी मिळाली. त्याने ती कोणाच्या दानात घेतली नाही. त्याचा मुलगा आज हयात आहे, त्याला विचारा.

मग अण्णांची टाकी कुठे गेली? सगळ्यांच्या गाड्यांना नव्या टाक्या बसल्या, अण्णांनी मात्र आपली टाकी सुटी मागून घेतली. गाडी त्यांनी दुकानामागे बिनटाकीची उभी करून ठेवली. तिच्यावर गौराक्का पापड वाळत घालू लागल्या. लोकांनी अंदाज बांधला, आणि बांधलेल्या अंदाजाची पुढे आख्यायिका झाली. खरे असे, की ती टाकी दुकानातल्या सर्वांत वरच्या फळीवर, इरकली लुगड्यांच्या घड्यांमधे, लाल खणात गुंडाळून ठेवलेली होती. मला माझ्या खुर्चीतून ती दिसे. कशासाठी ठेवली आहे, हे मी विचारले नाही. मी साबण घासून गाडी चालवीत होतो. दुकानासमोरून गेलो की अण्णा नाक वर करून म्हणत, “वास येतोय की, वकीलसाहेब.” मी थांबत नसे. जी गाडी मी लेखी हमीवाचून दिली नव्हती, ती आता सगळ्यांच्या गाड्या परत आल्यावर नेऊन देणे म्हणजे पेठेपुढे हरणे होते. आणि एजंटाकडची मुदतही संपली होती.

पुन्हा उन्हाळा लागला. एका दुपारी, त्यांच्या झोपेच्या वेळेला, मी जेवून उठत होतो आणि दारात अण्णा उभे राहिले. डोक्यावर लाल खणातले ते गाठोडे, अंगावर घामाच्या धारा. मागे गौराक्का, ताट घेऊन.

“हे काय?” मी म्हणालो.

“मुराळी आलोय,” अण्णा म्हणाले. “तुमची एकटीच माहेरी गेली न्हाय. न्यायला आलोय. इब्राहीम बाहेर उभा हाय. सांजच्याला परत आणून सोडतो.”

“अण्णा, ही तुमची टाकी आहे. मी घेणार नाही. मी गाडी जमा केली नव्हती, तेव्हा कायद्याने...”

“टाकी कोण देतंय? ओटी भरायला आलोय.” ते हसले, नेहमीसारखे, विनोदाच्या आधीच. “ओटी भरणं कलमात बसत न्हाय म्हणालात की.”

म्हणजे त्यांना ठाऊक होते, वाक्य कोणाचे ते. माझ्या देखत ते माझे म्हणून बोलणारा तो एकच माणूस होता.

तोवर कुसुम पुढे आली होती. तिने गौराक्कांपुढे पदर पसरला.

“मी समद्यांच्या गाड्या परत आणीन म्हणालो होतो,” अण्णा मला हळूच म्हणाले. “त्यात तुमची धरली होती. तुमी न्हवती धरली.”

टाकी बसली. संध्याकाळी कुसुम गाडीवर मागे बसली, आम्ही कंबर तलावापर्यंत जाऊन आलो.

अण्णांच्या गाडीवर पापड वाळत राहिले. पुढे त्यांना दम लागू लागला. विजापूरला दिलेली त्यांची लेक बोलावणे पाठवी. एकदा जावईच न्यायला आला. स्टेशनवर जावई सामान घेऊन टांग्याने पुढे गेला, आणि अण्णा माझ्या कचेरीत आले. “सोडता का? उलटं झालं बघा, वकीलसाहेब. लेकीनं बापाला मूळ धाडलं.”

मी गाडी काढली. ते मागे बसले. पेठेतून जाताना दोन्ही बाजूंनी नमस्कार होत होते. आरशात मला रस्ता दिसत नव्हता, अण्णांचा वर केलेला हात तेवढा दिसत होता. स्कूटर माझी, चालवणारा मी, आणि एकही नमस्कार माझा नव्हता. स्टेशनच्या आवारात ते उतरले. वाकून सीटपाशी नाक नेले आणि वास घेतला.

“न्हाय येत,” ते समाधानाने म्हणाले. “सांभाळा तिला. आलोच मी.”

मग हात वर करून, कोणा हमालाला ‘पावणं’ म्हणत, ते गर्दीत शिरले.

त्या टाकीतून नंतर कधीही एक थेंब गळला नाही. गाडी आजही माझ्या अंगणात आहे. झाकण उघडून पाहायला कोणीही यावे. समारंभात सांगितले, की अण्णांनी दिलेला शब्द कधी मोडला नाही. हेही चूक आहे. दुसऱ्यांच्या गाड्या परत आणण्याचा शब्द त्यांनी पाळला, माझ्या गाडीसकट पाळला. स्टेशनवर मला दिलेला शब्द मात्र त्यांनी पाळला नाही. आणि समोरच्या दुकानाकडे दुपारच्या वेळी पाहण्याची माझी सवय अजून गेलेली नाही.